कृती संशोधन

कृती संशोधन (किंवा कृतिसंशोधन) म्हणजे एखादे काम प्रत्यक्ष करणाऱ्या व्यक्तीने ते काम अधिक चांगले व्हावे या हेतूने स्वतःच्याच कामाचा केलेला पद्धतशीर अभ्यास होय. समाजकार्य, आरोग्यसेवा, शेती-विस्तार अशा अनेक क्षेत्रांत ही पद्धत वापरली जाते; मात्र तिचा सर्वाधिक प्रसार शिक्षणक्षेत्रात झाला आहे. शिक्षणातील कृती संशोधनात समस्या शिक्षकाच्या वर्गातून पुढे येते, तिच्यावरील उपाय शिक्षक स्वतः योजतो, त्या उपायाचा परिणाम पुराव्यांच्या आधारे तपासतो आणि हाती आलेल्या निष्कर्षांनुसार आपल्या अध्यापनात बदल करतो.

इतर शैक्षणिक संशोधनात वर्ग आणि शिक्षक हे बाहेरून आलेल्या अभ्यासकाच्या निरीक्षणाचा विषय असतात. कृती संशोधनात शिक्षक हाच अभ्यासक असतो. वर्गाविषयीचे विश्वसनीय ज्ञान कोण निर्माण करू शकतो, या प्रश्नाला या पद्धतीने दिलेले उत्तर हाच तिच्या प्रसाराचा आणि तिच्याविषयीच्या वादांचाही केंद्रबिंदू राहिला आहे.

## स्वरूप

हेतूनुसार संशोधनाचे मूलभूत, उपयोजित आणि कृती संशोधन असे तीन प्रकार सामान्यतः मानले जातात. मूलभूत संशोधन सिद्धान्त आणि नियम शोधते. उपयोजित संशोधन त्या सिद्धान्तांची व्यवहारातील उपयुक्तता तपासते. कृती संशोधनाचा हेतू विशिष्ट ठिकाणच्या विशिष्ट अडचणीवर मार्ग काढणे हा असतो. त्यामुळे त्याची व्याप्ती लहान असते: एक वर्ग, एक विषय, काही आठवड्यांचा किंवा एका सत्राचा कालावधी.

कृती संशोधनाची पुढील वैशिष्ट्ये सांगितली जातात:

* समस्या संशोधकाच्या स्वतःच्या कार्यकक्षेतील असते. पालकांचे स्थलांतर, शाळेची इमारत किंवा अभ्यासक्रमाची रचना यांसारख्या, शिक्षकाच्या अधिकाराबाहेरील बाबी त्याचा विषय होऊ शकत नाहीत. मात्र स्थलांतरावरून परतलेल्या मुलांना वर्गात कसे सामावून घ्यावे, हा विषय होऊ शकतो.
* अध्यापन आणि संशोधन एकाच वेळी चालते. नेहमीचे तास थांबवावे लागत नाहीत.
* आराखडा लवचिक असतो. उपाय लागू पडत नसल्याचे दिसल्यास तो मध्येच बदलता येतो.
* निष्कर्ष प्रथम त्याच वर्गासाठी असतात. सर्व शाळांना लागू होईल असे सामान्यीकरण करण्याचा दावा केला जात नाही.

शाळांमध्ये रूढ असलेला ‘नवोपक्रम’ आणि कृती संशोधन यांत फरक आहे. नवोपक्रमात नवी कल्पना राबवण्यावर भर असतो. कृती संशोधनात ती कल्पना कोणत्या समस्येसाठी निवडली आणि तिच्यामुळे नेमके काय बदलले, याचा पुरावा देणे आवश्यक असते.

## इतिहास

### उगम

शिक्षकाने आपल्या अनुभवाकडे चिकित्सकपणे पाहावे, हा विचार अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांच्या लेखनात आढळतो. शिक्षणाचे शास्त्र घडवण्यात वर्गातील शिक्षकाचा वाटा असला पाहिजे, असे त्यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मांडले.

‘कृती संशोधन’ ही संज्ञा सामाजिक मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन (१८९०–१९४७) यांच्या नावाशी जोडली जाते. नाझी राजवट आल्यानंतर १९३३ मध्ये ते जर्मनी सोडून अमेरिकेत गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मांसाची टंचाई असताना यकृत, हृदय यांसारखे कमी पसंतीचे भाग गृहिणींनी स्वयंपाकात वापरावेत, यासाठी त्यांनी काही प्रयोग केले. काही गटांना तज्ज्ञांचे व्याख्यान देण्यात आले, तर काही गटांनी आपसांत चर्चा करून निर्णय घेतला. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के, तर चर्चेत सहभागी झालेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के गृहिणींनी हे पदार्थ प्रत्यक्ष करून पाहिले. ज्यांच्या वागण्यात बदल व्हायचा आहे त्यांना निर्णयात सहभागी करून घेतल्यास बदल घडण्याची शक्यता वाढते, हा लेविन यांचा निष्कर्ष पुढे कृती संशोधनाचा पाया ठरला.

१९४६ मध्ये अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवर लिहिलेल्या निबंधात लेविन यांनी या पद्धतीची मांडणी केली. नियोजन, कृती आणि कृतीच्या परिणामांचा शोध अशा फेऱ्यांतून हे संशोधन पुढे जाते, असे त्यांनी म्हटले. त्याच सुमारास अमेरिकेच्या इंडियन प्रशासन विभागाचे आयुक्त जॉन कॉलियर यांनीही मूलनिवासींच्या संदर्भात हीच संज्ञा वापरली होती.

### अमेरिकेतील शाळा

शाळांमध्ये ही पद्धत रुजवण्याचे श्रेय कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील स्टीफन कोरी यांना दिले जाते. शालेय व्यवहारातील सुधारणेसाठी कृती संशोधन कसे करावे, याविषयीचे त्यांचे पुस्तक १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. इतरांच्या संशोधनाचे अहवाल वाचून शिक्षक आपली पद्धत क्वचितच बदलतात. स्वतः केलेल्या अभ्यासातून जे दिसते, त्यानुसार मात्र ते बदल करतात, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या चळवळीवर लवकरच टीका झाली. हॅरोल्ड हॉजकिन्सन यांनी १९५७ मधील लेखात शिक्षकांना संशोधनतंत्राचे प्रशिक्षण नसते, त्यासाठी वेळ नसतो आणि अशा अभ्यासांचा दर्जा संशोधन म्हणण्याजोगा नसतो, असे आक्षेप घेतले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत या पद्धतीला उतरती कळा लागली. तज्ज्ञांनी संशोधन करावे आणि शिक्षकांनी त्याची अंमलबजावणी करावी, ही विभागणी पुन्हा प्रबळ झाली.

### ब्रिटन: शिक्षक-संशोधक

कृती संशोधनाचे पुनरुज्जीवन ब्रिटनमध्ये झाले. लॉरेन्स स्टेनहाउस यांच्या नेतृत्वाखाली १९६७ मध्ये मानव्यविद्या अभ्यासक्रम प्रकल्प सुरू झाला. सक्तीच्या शिक्षणाची वयोमर्यादा वाढणार असल्याने शाळेत अधिक काळ राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तो आखला होता. युद्ध, कुटुंब, वंशसंबंध अशा वादग्रस्त विषयांवरील चर्चेत शिक्षकाने स्वतःचे मत न लादता तटस्थ अध्यक्षाची भूमिका घ्यावी, असे त्यात अपेक्षित होते. शिक्षकाच्या वर्षानुवर्षांच्या सवयीला छेद देणारी ही अपेक्षा होती. आपण खरोखर तटस्थ राहतो का, हे शिक्षकाने स्वतःचे तास तपासल्याशिवाय कळणे शक्य नव्हते.

या अनुभवातून स्टेनहाउस यांनी ‘शिक्षक हाच संशोधक’ ही कल्पना १९७५ च्या आपल्या ग्रंथात मांडली. अभ्यासक्रम ही शिक्षकाने निमूटपणे पाळायची आज्ञा नसून त्याने वर्गात तपासून पाहायचा प्रस्ताव असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. संशोधन पद्धतशीर व आत्मचिकित्सक असावे आणि ते इतरांच्या तपासणीसाठी जाहीर केलेले असावे, यावर त्यांनी भर दिला.

त्यांचे सहकारी जॉन एलियट आणि क्लेम एडेलमन यांनी १९७३ ते १९७५ या काळात फोर्ड अध्यापन प्रकल्प राबवला. ईस्ट अँग्लियातील सुमारे ४० शिक्षक शोधनपद्धतीने शिकवण्याचा प्रयत्न करताना येणाऱ्या अडचणींचा अभ्यास करत होते. एकाच तासाविषयी शिक्षक, विद्यार्थी आणि निरीक्षक या तिघांची मते घेऊन ती एकमेकांशी ताडून पाहिली जात. आपण मुलांना मोकळेपणाने विचार करू देतो असे मानणाऱ्या शिक्षकाला, मुले मात्र शिक्षकाच्या मनातले उत्तर ओळखण्याचाच प्रयत्न करत असतात, हे या तुलनेतून कळू शकत असे.

### पुढील विस्तार

ऑस्ट्रेलियातील डीकिन विद्यापीठाचे स्टीफन केमिस आणि रॉबिन मॅक्टॅगार्ट यांनी १९८० च्या दशकात नियोजन, कृती, निरीक्षण आणि चिंतन या चार टप्प्यांचे सर्पिल प्रतिमान लोकप्रिय केले. विल्फ्रेड कार आणि केमिस यांनी १९८६ च्या ग्रंथात चिकित्सक कृती संशोधनाचा पुरस्कार केला. अध्यापनाचे तंत्र सुधारणे पुरेसे नाही. शाळेतील अन्याय्य रचना आणि गृहीत धरलेल्या प्रथा यांनाही प्रश्न विचारले पाहिजेत, अशी त्यांची भूमिका होती. डॉनल्ड शॉन यांच्या १९८३ मधील ग्रंथाने ‘चिंतनशील व्यावसायिक’ ही कल्पना शिक्षक-प्रशिक्षणात रूढ केली. लॅटिन अमेरिकेत पाउलो फ्रेइरी यांचे विचार आणि कोलंबियाचे समाजशास्त्रज्ञ ओर्लांदो फाल्स बोर्दा यांचे कार्य यांतून सहभागी कृती संशोधनाची स्वतंत्र परंपरा विकसित झाली.

## प्रक्रिया

कृती संशोधनाच्या पायऱ्यांची संख्या लेखकागणिक बदलते. सामान्यतः पुढील क्रम सांगितला जातो:

1. समस्येची जाणीव व निश्चिती – ‘मुले गणितात कच्ची आहेत’ यांसारखे ढोबळ विधान उपयोगाचे नसते. कोणती मुले, कोणत्या घटकात, कोणत्या प्रकारची चूक करतात, हे निश्चित करावे लागते.
2. कारणांचा शोध – नैदानिक चाचणी, वह्यांची तपासणी आणि विद्यार्थ्यांशी संवाद यांतून संभाव्य कारणे शोधली जातात. त्यांपैकी शिक्षकाच्या नियंत्रणातील कारणे वेगळी केली जातात.
3. कृती-परिकल्पना – ‘अमुक कृती केल्यास अमुक बदल होईल’ अशा तपासता येण्याजोग्या स्वरूपात ती मांडली जाते.
4. आराखडा – कालावधी, साहित्य, पुरावा गोळा करण्याची साधने व यशाचे निकष ठरवले जातात.
5. कार्यवाही व निरीक्षण – उपाय राबवताना वेळोवेळी नोंदी ठेवल्या जातात.
6. विश्लेषण व निष्कर्ष – आधीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहिली जाते.
7. चिंतन व पुढील फेरी – उरलेल्या अडचणींवरून नवी परिकल्पना तयार होते.

### स्पष्टीकरणार्थ उदाहरण

तिसरीच्या वर्गातील काही मुले ५२ − ३८ या वजाबाकीचे उत्तर १४ ऐवजी २६ लिहितात, असे समजू. शिक्षकाची पहिली समजूत मुलांचा सराव कमी पडतो किंवा ती निष्काळजी आहेत अशी असू शकते. त्यानुसार आणखी २० गणिते दिली, तर मुले तीच चूक २० वेळा करण्याचा संभव असतो.

त्याऐवजी शिक्षकाने मुलांना जवळ बसवून ‘हे कसे केलेस ते सांग’ असे विचारल्यास कारण स्पष्ट होते. एककाच्या घरात २ मधून ८ जात नाहीत, म्हणून मूल ८ मधून २ वजा करते. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा नियम त्याने मनाशी बांधलेला असतो. हातच्याशिवायच्या वजाबाकीत हाच नियम बरोबर उत्तर देतो, त्यामुळे तो पक्का होतो. ही चूक निष्काळजीपणाची नसून सुसंगत विचाराची असते.

आता परिकल्पना बदलते: काड्यांचे गठ्ठे व सुट्या काड्या वापरून एक दशक सुटा करण्याची कृती केल्यास ही चूक कमी होईल. शिक्षक हातच्याची व बिनहातच्याची गणिते मिसळून पूर्वचाचणी घेतो. तीन आठवडे काड्यांसह व नंतर काड्यांशिवाय सराव घेतो आणि त्याच काठिण्याची उत्तरचाचणी घेतो. उत्तरे तपासताना केवळ गुण न मोजता चुकीचा प्रकार नोंदवतो. या टप्प्यावर बहुतेक मुलांची जुनी चूक नाहीशी झाली, पण ४०२ − १५७ यासारख्या, दशकाच्या घरात शून्य असलेल्या उदाहरणात ती पुन्हा अडखळली, तर तेथून दुसरी फेरी सुरू होते. सर्पिल प्रतिमानात ‘फेरी’ या शब्दाचा अर्थ हाच आहे: प्रत्येक उत्तर पुढचा, अधिक नेमका प्रश्न उभा करते.

## पुरावा आणि त्याची विश्वसनीयता

पुरावा गोळा करण्यासाठी शिक्षकाची दैनंदिनी, विद्यार्थ्यांच्या वह्या, चाचण्या, निरीक्षण-नोंदी, पडताळा सूची, पदनिश्चयन श्रेणी, मुलाखती तसेच तासाचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण ही साधने वापरली जातात. एकाच साधनावर विसंबून न राहता दोन-तीन मार्गांनी मिळालेली माहिती परस्परांशी ताडून पाहण्याला त्रिकोणीकरण म्हणतात.

स्वतःच्या उपायाचे मूल्यमापन शिक्षक स्वतःच करत असल्याने पूर्वग्रहाचा धोका असतो. त्याखेरीज पुढील कारणांमुळेही निष्कर्ष फसवे ठरू शकतात:

* सरासरीकडे परतण्याची प्रवृत्ती – पूर्वचाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली मुले निवडल्यास पुढच्या चाचणीत त्यांचे गुण कोणत्याही उपायाशिवाय काहीसे वाढण्याची शक्यता असते. कारण पहिल्या वेळी आजारपण, भीती किंवा योगायोग यांचाही वाटा असतो.
* परिपक्वता – सहा महिन्यांत मुले वाढतात आणि घरी-बाहेरही शिकतात. सर्व प्रगती उपायामुळेच झाली, असे म्हणता येत नाही.
* हॉथॉर्न परिणाम – आपल्याकडे विशेष लक्ष दिले जात आहे या जाणिवेनेच वर्तन बदलू शकते. शिकागोजवळील हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या अभ्यासांवरून हे नाव पडले.
* चाचणीचा सराव – पूर्वचाचणी व उत्तरचाचणीत तेच प्रश्न असल्यास मुलांना उत्तरे आठवू शकतात.

उपाय थांबवल्यानंतर काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेणे, सहकारी शिक्षकाला निरीक्षणासाठी बोलावणे आणि उपायाचा लाभ न झालेल्या मुलांची नोंद वगळता न ठेवणे या मार्गांनी हे दोष कमी करता येतात. ज्या मुलांच्या बाबतीत उपाय निष्फळ ठरला, त्यांच्या नोंदी पुढील फेरीसाठी विशेष उपयुक्त असतात.

## नैतिक बाजू

विद्यार्थी शिक्षकाच्या अधिकाराखाली असल्याने त्यांची संमती खऱ्या अर्थाने स्वेच्छेची असेलच असे नाही. त्यामुळे पालकांना व मुख्याध्यापकांना कल्पना देणे, अहवालात मुलांची नावे न छापणे, ‘मंद’ किंवा ‘ढ’ यांसारखी लेबले टाळणे आणि छायाचित्रे परवानगीशिवाय न वापरणे आवश्यक मानले जाते. केवळ तुलनेसाठी वर्गातील अर्ध्या मुलांना उपयुक्त उपायापासून वंचित ठेवणे अयोग्य समजले जाते. अशा वेळी दुसऱ्या गटाला तोच उपाय नंतर देण्याचा मार्ग अवलंबला जातो.

## जपानमधील पाठ-अभ्यास

जपानमध्ये ‘जुग्यो केंक्यू’ म्हणजेच पाठ-अभ्यास ही कृती संशोधनाला जवळची, पण स्वतंत्रपणे विकसित झालेली परंपरा आहे. तिची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मेजी काळापर्यंत जातात. शिक्षकांचा गट मिळून एका पाठाची आखणी करतो. एक शिक्षक तो वर्गात घेतो आणि बाकीचे विद्यार्थ्यांच्या प्रतिसादांचे निरीक्षण करतात. नंतरच्या चर्चेत शिक्षकाचे नव्हे तर पाठाचे परीक्षण होते आणि सुधारलेला पाठ पुन्हा घेतला जाऊ शकतो. जेम्स स्टिगलर आणि जेम्स हिबर्ट यांच्या १९९९ च्या ग्रंथामुळे ही पद्धत जपानबाहेर परिचित झाली.

## भारत आणि महाराष्ट्र

कृती संशोधन ही संज्ञा रूढ होण्याआधीही भारतात वर्गप्रयोगांची परंपरा होती. भावनगर येथील दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी बालशिक्षणाचे प्रयोग केले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या मूळ गुजराती पुस्तकात प्राथमिक शाळेचा एक वर्ग हाती घेऊन वर्षभर प्रयोग करणाऱ्या शिक्षकाची कथा आहे. त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा हे प्रयोग उभे राहिले. त्यांना तेव्हा कृती संशोधन म्हटले गेले नाही. मात्र अडचणीचे कारण मुलांमध्ये न शोधता शाळेच्या रचनेत शोधण्याची दृष्टी त्यांत दिसते.

मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ माध्यमिक शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात शिक्षकांच्या मासिक बैठका होत. वर्गात कोणता प्रयोग फसला आणि मुलांनी कोणते प्रश्न विचारले, याची माहिती तेथे मांडली जाई व तिचा उपयोग पाठ्यपुस्तकाच्या सुधारणेत होई. हा कार्यक्रम २००२ मध्ये बंद करण्यात आला.

संस्थात्मक पातळीवर राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद १९६१ मध्ये स्थापन झाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर उभारलेल्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांकडे प्रशिक्षण व शैक्षणिक साहाय्य यांसोबत कृती संशोधनाचीही जबाबदारी देण्यात आली. महाराष्ट्रात या संस्था ‘डायट’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जातात. राज्यातील शिक्षणशास्त्र पदविका व पदवी अभ्यासक्रमांत कृती संशोधनाचा समावेश असतो. केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदा आणि राज्यस्तरीय शैक्षणिक नवोपक्रम स्पर्धा ही शिक्षकांनी आपले अनुभव मांडण्याची व्यासपीठे आहेत.

## टीका आणि मर्यादा

कृती संशोधनावरील जुना आक्षेप त्याच्या काटेकोरपणाविषयी आहे. लहान नमुना, नियंत्रित गटाचा अभाव आणि संशोधकाचा स्वतःचा सहभाग यांमुळे निष्कर्ष इतरत्र लागू करता येत नाहीत, असे टीकाकार म्हणतात. समर्थकांच्या मते अशा अभ्यासाचा निकष वेगळा आहे. तपशीलवार वर्णन वाचून दुसरा शिक्षक आपल्या वर्गाशी तुलना करू शकतो आणि तेथे तो उपाय पुन्हा तपासू शकतो. निष्कर्षाचा प्रसार आकडेवारीच्या सामान्यीकरणाने नव्हे, तर अशा पुनर्तपासणीने होतो.

दुसरा आक्षेप वेळेविषयीचा आहे. बहुवर्ग अध्यापन आणि अशैक्षणिक कामे यांमुळे नोंदी ठेवणे व त्यांवर विचार करणे यांसाठी शिक्षकांना पुरेसा अवकाश मिळत नाही.

तिसरा आक्षेप पद्धतीपेक्षा तिच्या वापराविषयी आहे. पदवी, बढती किंवा स्पर्धा यांची अट म्हणून केलेले कृती संशोधन अनेकदा ठरावीक साच्यातील अहवाल बनते. त्यात परिकल्पना नेहमी सिद्ध होते, उत्तरचाचणीचे गुण नेहमी वाढतात आणि अहवाल सादर झाल्यावर वर्गात काहीही बदलत नाही. फसलेला उपाय प्रामाणिकपणे नोंदवणाऱ्या शिक्षकाला कमी लेखले गेले, तर असे अहवाल वाढतात. उलट, केमिस व कार यांच्या परंपरेतील अभ्यासकांच्या मते कृती संशोधन वरून ठरवलेली उद्दिष्टे गाठण्याचे साधन बनले, की शिक्षकाकडे प्रश्न निवडण्याचा अधिकार उरत नाही आणि पद्धतीचा मूळ हेतूच हरपतो.

या आक्षेपांमुळे अनेक ठिकाणी एकट्या शिक्षकाच्या अहवालाऐवजी शिक्षकगटांच्या दीर्घकालीन अभ्यासावर भर दिला जाऊ लागला आहे. त्यात अपयशी ठरलेल्या फेऱ्यांचीही नोंद केली जाते आणि निष्कर्ष सहकाऱ्यांच्या चर्चेसाठी खुले ठेवले जातात.